बिल्ला कानातच हवा

सर्व्हेअर व्हायचंय म्हटल्यावर घरी सगळ्यांना वाटलं, मी शेतं मोजणार. मामा तर बांधाचा जुना वाद घेऊनच आले. नुकसान झालं की विमा कंपनीतर्फे जाऊन पाहायचं आणि भरपाई बसते की नाही ते लिहून द्यायचं, एवढं समजावता समजावता माझा घसा बसला. आई म्हणाली, "म्हंजे लोकायच्या घरी वाईट झालं का आपली चूल पेटते, असंच ना?" मला राग आला. चूक काहीच नव्हतं त्यात, म्हणूनच जास्त आला.

परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि एका परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. परीक्षेसाठी मी यवतमाळच्या खोलीत बसून बुडालेल्या जहाजांचे नियम घोकले. धरणातल्या डोंग्यापलीकडे मी काही तरंगताना पाहिलेलं नव्हतं. तरी पास झाले. उमेदवारीचा शेवटचा अहवाल सरांनी मंजूर केला की परवाना मिळणार होता.

सर हट्टी माणूस. फोटो काढून होईपर्यंत कोणाकडे चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आमच्या भागात चहा नाकारला की घरातली बाई दिवसभर मनाला लावून घेते. जळालेल्या दुकानांत, उलटलेल्या ट्रकांपाशी मी किती जणांना असं दुखावलं असेल! सरांना त्याचं काही वाटत नसे. मला त्यांचा मनापासून राग यायचा आणि त्यांच्याशिवाय मी काहीच शिकले नसते, हेही खरं.

शेवटचा अहवाल बैलाचा निघाला. राळेगावच्या पुढे एक तांडा आहे. तिथल्या एका बाईचा बैल पान लागून मेला होता. साप चावला असं आमच्याकडे सरळ कोणी म्हणत नाही. बाईचा नवरा ऊसतोडीला गेला असताना ट्रॉलीखाली सापडून वारला. तेव्हापासून ती उसात गेली नव्हती. सासऱ्याला घेऊन, बैलजोडीवर तिनं स्वतःचं वावर आणि दुसऱ्यांच्या पिकांची डवरणी, म्हणजे कोळपणी, चालवली होती. आता जोडी मोडली. विमा मिळाला तर दुसरा बैल, नाहीतर परत उसाची टोळी. आम्ही पोचताच तिनं एवढंच विचारलं, "होऊन जाईल ना जी?"

विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला ठोकतात. जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान कापून ठेवायचा आणि तो दाखवायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. ढोरांच्या डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला देताना हे सासऱ्याला बजावून सांगितलं होतं. म्हातारा "हो जी" म्हणाला होता.

आणि त्यानं बैल तसाच पुरला होता. हळद लावून, मीठ घालून, अंगावर स्वतःचं नवं धोतर टाकून. बिल्ला कानातच.

"बाबा, कान काहून नाही कापला?" मी विचारलं.

"जन्मभर राबलं थे माह्यासंग," म्हातारा म्हणाला. "त्याले कानकापं करून मातीत धाडू? तू धाडशील का तुह्या मानसाले?"

सर म्हणाले, "उकरावं लागेल."

तांड्यातलं कोणी पुढे आलं नाही. एकदा मातीत गेलेल्याला कोणी बाहेर काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा आमच्याकडे पाठ करून पळसाखाली जाऊन बसला. शेवटी बाईनं पदर खोचला आणि फावडं उचललं. दुसरं फावडं मी घेतलं. सर फोटोसाठी मोबाईल धरून उभे होते.

पावसानं जमीन मऊ झाली होती, म्हणून वेळ लागला नाही. धोतर दिसलं तेव्हा ती थांबली, मग हातानंच माती ओढू लागली. वास असा होता की मी दोनदा बाजूला जाऊन ओकले. ती ओकली नाही. डोक्याजवळ पोचलो तर कान हातात आलाच नाही, त्याचा लगदा झाला होता. बिल्ला खाली मातीत पडलेला. तिनं तो पदरानं पुसला. नंबर जुळला. ती हसली! त्या खड्ड्यात उभी राहून ती हसली, आणि म्हाताऱ्याला हाक मारून म्हणाली, "मामाजी, भेटला जी!" त्यानं मान वळवली नाही.

परतताना मी अहवाल वहीत लिहून टाकला होता. बिल्ला कानासह मिळाला. सरांनी ते खोडायला लावलं.

"कानात पाहिला का तू?"

"सर, कान सडला म्हणून तो सुटला. नाहीतर कुठे असणार होता?"

"पाहिला का?"

"नाही."

"मग मातीत सुटा मिळाला असं लिही, बेटा. बैल तोच आहे असं माझं मत आहे, तेही लिही. भरपाई द्यावी अशी शिफारस कर. त्यावर मी सही करतो."

मी तसंच लिहिलं. आज पुन्हा वेळ आली तरी तसंच लिहीन, आणि याचाच मला संताप येतो. पाहिलं नाही ते मला लिहिता येत नाही.

पोळा झाला आणि परवाना आला. आईनं देवापुढे पेढे ठेवले. त्याच आठवड्यात बाईनं व्हॉट्सॲपवर कंपनीच्या पत्राचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "ताई, इंग्रजीत हाये. वाचून सांगा."

मी वाचलं. बिल्ला कानात आढळला नाही, सबब दावा नामंजूर. सरांची शिफारस कोणी विचारातच घेतली नव्हती.

ती म्हणाली, "मामाजी अजून माह्या हातचं पानी घेत नाही, ताई. मी म्हनत होती, बैल आला का घेतीन." तिनं विचारलं, "मंग आपन उकरलं कायले?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं.

"राहू द्या," तीच म्हणाली. "टोळीचा मुकादम आलता काल. त्याले हो म्हनून देतो मी."