गजकर्णाची ट्यूब

माझं तोंड पेटायचं. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. चहा घेतला की पेटायचं, उन्हात एसटीची वाट बघत उभं राहिलं की पेटायचं, आणि कुणी टक लावून बघितलं तर विचारूच नका. नाक आणि दोन्ही गाल लालबुंद, वर बारीक पुटकुळ्या. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवी ऑफिसं, नवी टेबलं, आणि त्यातल्या एका टेबलावर मी, आमच्या वस्तीतली पहिली नोकरदार बाई. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणायचे, “मॅडम, लिपस्टिक गालाला लावून आलात का काय?” मी म्हणायचे, “तुमच्या घरी गालाला लावतात वाटतं?” ते फायलीत तोंड खुपसायचे. पण आरशासमोर माझीही बोलती बंद व्हायची.

आमचं गाव रेणापूरच्या पलीकडं. मी रोज जाऊन-येऊन करायचे. दुष्काळ असा होता, की आमच्या वस्तीच्या आडात शेळी पडली ती कोरडीच वर निघाली. टँकर यायचा तो गावच्या मोठ्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि त्या विहिरीत आमचा दोर कधीच पडला नव्हता. आम्ही बौद्ध झालो, लेकरं शिकली, मी सरकारी खुर्चीत बसले, तरी विहीर तेवढी त्यांचीच राहिली होती. तहसीलदारानं येऊन दम भरला तेव्हा कुठं आमच्या बायांना रांगेत जागा मिळाली. पहिल्या दिवशी माय घागर भरून आली आणि ती घराच्या मधोमध ठेवून नुसती बघत बसली. लहानपणी तिनं ते पाणी ओंजळीत प्यायलेलं, वरून कुणीतरी ओतलेलं. “कवा काढून घेतील सांगता येत न्हाई,” ती म्हणायची. मला भारी राग यायचा. कोण काढून घेतंय आता? कायदा आहे, तहसील आहे, आणि मी काय मेले आहे का?

एका रविवारी मी मायसोबत पाण्याला गेले. ऊन चढलेलं, तोंड पेटलेलं. आमच्या मागं वरच्या आळीतली एक काकू उभी होती. ती शेजारणीच्या कानाला लागली, पण हळू बोलणं त्या बाईला जन्मात जमलं नव्हतं. “म्हारोग दिसतोय,” ती म्हणाली.

मायला त्यातलं ‘म्हार’ एवढंच ऐकू आलं. घागर आपटून ती गर्रकन वळली. “काय म्हणलीस? तोंडावर म्हण की, माज्या तोंडावर!”

काकूची पाचावर धारण बसली. “अगं बाई, जात न्हाई काढली मी! शपथ! रोग म्हणले, रोग! तुज्या लेकीच्या तोंडाकडं बघ की जरा. रक्तपिती हाय ती.”

जात काढली नाही हे तिनं इतक्या जिवाच्या आकांतानं सांगितलं, की दोघी-तिघी हसल्या. माय हसली नाही. शिवी असती तर ती दिवसभर भांडली असती. रोगाला काय शिव्या देणार? घरी येताना तिचा आवाज पार खाली गेला होता. “बाई, आता त्याईला निमित्त घावलं,” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर मी गंजगोलाईकडच्या एका औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं माझ्याकडं धड बघितलंही नाही, एक ट्यूब काढून काचेवर ठेवली. वर गजकर्ण, नायटा, खाज असं लिहिलेलं. म्हटलं, “मला गजकर्ण नाही झालं.” तो म्हणाला, “ताई, सगळ्याला हेच चालतं. बाया तर गोऱ्या व्हायला नेतात.” डॉक्टरची चिठ्ठी त्यानं मागितली नाही आणि माझ्याकडं नव्हतीही.

आणि काय सांगू, आठवडा उलटला नाही तोच तोंड निवलं. लाली गेली, पुटकुळ्या गेल्या, कातडी अशी नितळ झाली की भाऊसाहेबांना टोमणा सुचेना. विहिरीवर काकू स्वतःहून म्हणाली, “उजळली गं तुजी लेक! काय लावती?” मायचा जीव भांड्यात पडला. ती रोज संध्याकाळी स्वतः ट्यूब आणून माझ्या हातात द्यायची आणि लावून होईपर्यंत समोरून हलायची नाही.

एकदा ट्यूब संपली आणि पगाराला वेळ होता म्हणून मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी उठले तर डोळ्यांखालपर्यंत आग. पहिल्यापेक्षा लाल, पहिल्यापेक्षा सुजलेलं. उसनवारी करून धावत जाऊन नवी आणली, लावली, निवलं. मग कळलं की आता ही बया मला सोडणार नाही. आता दुपारीही लावावी लागायची; विसरले तर संध्याकाळी गाल ठणकायचे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या, गालावर लव उगवली. ट्यूब लावतानाही मला भीती वाटायची आणि न लावतानाही.

माझी मावशी विष्णुपुरीला राहायची, तिचे मालक तिथं धरणावर कामाला होते. तिनं मला बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तीच मला नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून गालाला सुई टोचली. “दुखलं?” दुखलं, चांगलंच दुखलं. “मग महारोग नाही. त्यात कळत नाही.” या आजाराला रोझेशिया म्हणतात, तो लागट नाही, पुरता जात नाही पण ताब्यात राहतो, असं त्यांनी नीट समजावलं. कॅप्सूल लिहून दिल्या. मग ट्यूब हातात घेऊन म्हणाले, “ही आजपासून बंद. यात स्टेरॉइड आहे, त्यानंच कातडी पातळ झाली. बंद केल्यावर आधी भडकेल. महिनाभर, कदाचित जास्त. तेवढं सोसा. पुन्हा लावाल तर चेहरा जाईल, आणि डोळ्यांजवळ लावताय, डोळेही जातील.”

मी बंद केली. जे भडकलं ते सांगवत नाही. गाल फुगले, पाणी सुटलं, उशीला तोंड चिकटायचं. ऑफिसात रजा टाकली. पाण्याला माय एकटीच जायची. काही दिवसांनी ती रिकामी घागर घेऊन परतली. काकू तिला म्हणाली होती, अगदी गोडीनं, “तू कशाला दोराला हात लावती? थांब बाजूला. आमी वरून ओतत जाऊ.”

मायनं घागर कोपऱ्यात ठेवली. ट्रंक उघडून जुनी ट्यूब काढली, शेपटाकडून पिळत पिळत माझ्यापुढं धरली. “लाव बाई. पाऊस पडंतवर लाव. मग सोड.”

“माय, डोळे जातील माझे.”

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली आणि रडायला लागली. पण हात मागं घेतला नाही.

मला इतका संताप आला, की ट्यूब चुलीत टाकली, घागर उचलली आणि तशीच निघाले. मागून माय हाका मारत धावली. विहिरीवर रांग होती. मला बघून ती आपोआप फाकली. मी पोहरा सोडला, घागर भरली, बाजूला झाले. म्हटलं, या आता. कुणी आलं नाही. एवढ्या तहानेच्या दिवसांत एकाही बाईनं माझ्यानंतर पोहरा आत सोडला नाही. काकूनं आपली घागर पालथी काखेला लावली आणि ती घराकडं वळली. तिच्यामागं सगळ्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी टँकर गावात आलाच नाही. तो वरच्या आळीतल्या कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीत रिकामा झाला, आणि त्या मळ्याला काटेरी कुंपण होतं. आमची सगळी वस्ती आपापल्या दारात उभी राहून त्याचा धुरळा बघत होती. आता तहसीलला अर्ज, चौकशी, दम, सगळं पहिल्यापासून.

माय मला घेऊन गावच्या विहिरीवर गेली. तिथं चिटपाखरू नव्हतं. तिनं दोर सोडला, तळ खरवडून पोहरा वर ओढला. निम्मा गाळ, निम्मं पाणी. घागरीत ओतेल असं मला वाटलं. तिनं पदर त्यात बुडवला, पिळला, आणि माझ्या गालावर धरला.

“लई आग होती का गं?”

“हाव,” मी म्हणाले.

तिनं पदर पुन्हा बुडवला.