जाऊबाईंबरोबर पाहिलेले चार पिच्चर

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मी अजून अंदाजाने ठरवते. अक्षर असं आहे की किराण्याची यादी दिली तर दुकानदार मलाच वाचून दाखवायला सांगतो. ही वही मुलीची. तिची शाळा संपली आणि मागची पानं कोरी राहिली. ही वही वाचायला कोणी बसणार नाही, तरी कोणाच्या हाती लागलीच तर चुका सांभाळून घ्याव्या.

लिहायचं आहे ते पिच्चरबद्दल. पिच्चर सुटला की माझी मोठी जाऊ विचारते, "कसा वाटला वं?" मी म्हणते, "चांगला होता." चार पिच्चर पाहिले आणि चारही वेळा हेच म्हणाले. मनात वेगळंच होतं.

जाऊबाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. पुलगावजवळच्या नाचणगावात आमचं एकच आवार, चुली दोन. लग्न होऊन आले तेव्हा मी इतकी बुजरी होते की जेवताना भाजी पुन्हा मागायची नाही, कोरडी भाकर खाऊन उठायची. जाऊबाईंच्या ते ध्यानात आलं. मग त्या न विचारताच माझ्या ताटात वाढू लागल्या. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे त्यांची थोडी तक्रार येणार आहे.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि जाऊबाईंना वर्ध्याला जाऊन पिच्चर पाहायचा नाद लागला. त्यांचा हिशेब असा: "जाताना अर्धं वाचलं, येताना अर्धं वाचलं. दोघींचे मिळून किती वाचले सांग? तेवढ्यात पिच्चर होते." तेवढ्यात होत नाही. पण हे त्यांना सांगायचं कसं, म्हणून मी साडी बदलली आणि निघाले.

पहिला पिच्चर मारामारीचा होता. तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊबाई म्हणाल्या, "माह्याजवळ पाचशेची नोट हाय, तो मोडून देणार नाई. तू भर, मी देतो नंतर." मी भरले. त्यांचं तिकीट दीडशे आणि मधल्या सुट्टीतले समोसे चाळीस. माझे पैसे कुरड्या-शेवया करून साठवलेले होते. मिक्सरची मोटर जळली होती आणि पुलगावचा मेकॅनिक आठशे सांगत होता.

पिच्चरमध्ये हिरोने एकट्याने पंचवीस माणसं मारली. ते मला पटलं, कारण त्यांतला एक मार खाऊन येईपर्यंत दुसरा शहाण्यासारखा थांबत होता. पटलं नाही ते टमाट्याचं. हिरोने एका गुंडाला भाजीच्या गाडीवर फेकलं. गाडी उलटली आणि सगळे टमाटे रस्त्यावर. तेव्हा बाजारात टमाटे साठ रुपये किलो होते. हिरो गॉगल घालून निघून गेला. मागे भाजीवाल्याने काय केलं, ते दाखवलंच नाही.

बसमध्ये मी हळूच म्हणाले, "त्या भाजीवाल्याचे पैसे कोणीच नाई दिले."

मला वाटलं, यावरून जाऊबाईंना आपले एकशे नव्वद आठवतील.

"भाजीवाला तुहा मामा होता काय वं?" जाऊबाई म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

दुसरा प्रेमाचा होता. पुन्हा तिकिटाचे दीडशे मीच भरले. खायला मात्र त्यांनी घरून चिवडा आणला होता, त्यामुळे तेवढ्यावर भागलं. जाऊबाई सुरुवातीपासून रडत होत्या. मला रडू आलं नाही, कारण माझं लक्ष ताटांकडे होतं. त्या पिच्चरमध्ये एकही माणूस पोटभर जेवत नाही. मुलीचं ताट वाढलं की बाप काहीतरी बोलतो आणि ती उठून जाते. मुलाचं ताट वाढलं की फोन येतो आणि तो उठून जातो. सात वेळा भरल्या ताटावरून उठले, मी मोजलं. लग्नाच्या पंगतीत तर अख्खी रांगच उठली. एवढा स्वयंपाक करणारी बाई कुठेतरी असेल ना? तिचं तोंड एकदाही दाखवलं नाही. शेवटी दोघं भेटले आणि पावसात नाचले, पण तेही उपाशीच.

बसमध्ये मी पुन्हा धीर केला. "त्या पोरानं दोस्ताची गाडी नेली, तर पेट्रोलचे पैसे दिले असतील का?"

"तू पिच्चर पाह्यते का हिशेब करून राह्यली?" डोळे पुसत त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी पाट्यावर मिरची वाटली. दोन्ही खांदे भरून आले. कुरड्यांची गिऱ्हाइकं मसाल्याचीही मागणी करत होती, पण पाट्यावर किलोभर मसाला वाटायला माझ्यात जोर नव्हता. मिक्सर दुरुस्त झाला असता तर तेही काम हातात आलं असतं. तिसऱ्या वेळेस मात्र स्पष्ट मागायचं, असं मी ठरवलं.

तिसरा पिच्चर हसायचा होता. तिकिटाचे दीडशे याही वेळी मीच भरले. एक माणूस दोन बायकांना फसवतो आणि दोघी एकाच हॉटेलात येतात. मला विनोद उशिरा कळतो. लोक हसले की मी विचार करते, कळेपर्यंत लोक गप्प होतात, आणि मग मी एकटीच हसते. मधल्या एका प्रसंगात हिरोचे आईवडील रडत होते, टाकीजमध्ये सगळे शांत होते, आणि नेमकं तेव्हा मला आधीचा, हिरो कपाटात लपतो तो विनोद कळला. पुढच्या ओळीतल्या चारही माणसांनी मागे वळून पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला.

मधल्या सुट्टीत जाऊबाईंनी मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा मागितला. एकशे ऐंशी रुपये! तेवढ्यात मी पोतंभर कणसं आणली असती. "डबा घरी कामी येते," त्या म्हणाल्या. आता त्यात त्यांचा लसूण असतो.

परतीच्या बसमध्ये मी मनात वाक्य पक्कं केलं: जाऊबाई, माहे पैसे द्या. तीनच तर शब्द, आणि वर जाऊबाई. देवळी तर लांबच, बस स्टँडच्या बाहेरही निघाली नव्हती तोच मी डोळे मिटले, तोंड उघडलं. तेवढ्यात कंडक्टरबाई समोर आल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन अर्धे, पुलगाव." जाऊबाईंच्या भाड्याचे पस्तीस रुपये आणखी चढले.

चौथा भुताचा होता. तिकीट दीडशे, थंड पेय पन्नास. एकूण नऊशे पाच झाले होते. जाऊबाईंनीच हौसेने हा पिच्चर निवडला, आणि पहिलं दार करकरलं तेव्हाच पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतला. दोन्ही कानांत बोटं. मध्येच माझं मनगट धरायच्या आणि पुन्हा बोटं कानात. शेवटपर्यंत त्यांनी काही पाहिलं नाही.

मला भीती वाटली नाही. ती बाई केस मोकळे सोडून विहिरीतून वर यायची, पण ओल्या साडीत पायऱ्या चढणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, त्यामुळे तिचं कौतुकच वाटलं. तिला तिच्या नवऱ्याने विहिरीत ढकललं होतं. शेवटी ती त्याला ओढून नेते. सरळ गोष्ट होती.

बसमध्ये जाऊबाई मला चिकटून बसल्या. बाहेर चांगलं ऊन होतं, तरी त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"त्या बाईले काय पाह्यजे होतं वं?"

मी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही, बोलायचीच सवय कमी. पण तेव्हा कोण जाणे काय झालं.

"पैसे," मी म्हणाले.

"पैसे? कोणाजवळून?"

"जावेजवळून."

जाऊबाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "लय होते काय?"

"नाई. हजाराच्या आतच."

"हजाराच्या आतल्या पैशासाठी भूत झाली?"

"जिती होती तेव्हा तिले मागताच नाई आलं," मी म्हणाले, आणि खिडकीबाहेर कापसाची शेतं पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकत होते. जाऊबाई आल्या, पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली, "ठेव," म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे न पाहता परत गेल्या. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. राहिलेल्या चारशे पाचसाठी आता दुसरं भूत कुठून आणावं, हेही मनात आलं.

तीन दिवसांनी मी पाट्यावर मसाला वाटत होते. जाऊबाई येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हिंगणघाटला दिलेल्या त्यांच्या मुलीने तोच पिच्चर पाहिला होता आणि दोघींचं फोनवर बोलणं झालं होतं.

"भुताले पैसे नको होते म्हणे. नवरा पाह्यजे होता!"

मी वरवंटा सोडला नाही. मान खाली.

"त्यात जाऊ तर नावालेही नाई म्हणे!"

"नाई," मी म्हणाले.

"म्हणजे तू मले भेवाडलं?"

वाटलं, आता त्या पाचशेही परत मागतील आणि पुढची वीस वर्षं बोलणारही नाहीत. भीत भीत वर पाहिलं. त्या हसत होत्या. हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या.

"एवढी मोठी गोष्ट रचता आली तुले, आणि पैसे मागता नाई आले? अवं, माह्या ध्यानात राहत नाई. तू काई बोलली नाई, मले वाटलं तुले चालते. काऊन नाई मागत?"

मी वरवंटा पुन्हा फिरवायला लागले.

"मी अशी देणारच नाई. माग. तोंडानं माग."

"राहू द्या जाऊबाई."

"राहू द्या काय? मागशील तवाच उठतो मी इथून."

त्या खरंच मांडी घालून बसल्या. ऊन दारातून आत आलं, गॅसवर वरण उतू जायला लागलं, मी उठून गॅस बारीक केला, परत आले, तरी त्या तिथेच. शेवटी भिंतीकडे पाहत म्हणाले, "जाऊबाई, माहे पैसे द्या."

"किती?"

"चारशे पाच."

"मोठ्यानं."

"चारशे पाच रुपये राह्यले तुमच्याकडं! द्या!"

एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. बाहेरची कोंबडी पळाली.

"असं," जाऊबाई म्हणाल्या. कमरेचा बटवा सोडून त्यांनी शंभराच्या चार नोटा जमिनीवर मांडल्या, मग बटवा उलटा करून पाचाचं नाणं शोधून काढलं आणि त्यावर ठेवलं. "मोजून घे. मोठी जाऊ म्हणून लाजू नको."

मी हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोरच मोजले. पुरे होते.