समोर बसून राहणारी नंदाताई

नंदाताई पहाटे झोपेतच गेली, असा दवाखान्यातून माझ्या नवऱ्याचा फोन आला आणि मी आधी हुश्श केलं. कुणाला विचित्र वाटेल, पण शेवटचे दोन महिने तिनं जे सोसलं ते मी जवळून पाहिलंय. सुटली बिचारी... ती माझी थोरली नणंद. सासुरवास मात्र तिनं मला कधी केला नाही, तो सगळा चाकणच्या सप्लायरांच्या वाट्याला आला.

गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ती पर्चेसला होती. तिकडे माल अडकला की लाइन थांबते, म्हणून उशीर करणाऱ्या सप्लायरकडे कंपनीचं माणूस जाऊन बसतं. भांडायचं नाही, चहा दिला तर प्यायचा, पण माल गाडीत चढेपर्यंत उठायचं नाही. या बसण्यात नंदाताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही खोड घरीही सुटायची नाही. दिराच्या लग्नात ती केटररच्या मागे लागली होती, श्रीखंड आत्ता नेमकं कुठवर आलंय म्हणून. तो बिचारा घामाघूम झाला.

माझ्या लेकीला, मित्रा तिचं नाव, लहानपणापासून फिट्स येतात. गोळी सुरू झाल्यापासून त्या थांबल्या, पण एकही गोळी चुकवायची नाही ही अट. तिच्या बारावीच्या तोंडावर ती गोळीच बाजारातून गायब झाली. पुनावळे, वाकड, देहूरोड, सगळी मेडिकल पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, वरूनच माल नाही. डॉक्टर म्हणाले, औषध बदलता येईल, पण हळूहळू, आणि तेवढ्यात फिट येणारच नाही असं सांगता येत नाही. घरात शेवटची स्ट्रिप उरली होती.

नंदाताई कंपनीच्या बसमधून उतरून, गळ्यात आयकार्ड तसंच ठेवून, आमच्याकडे आली. म्हणाली, "वरून म्हणजे कुठून? फॅक्टरीत नाही, डेपोत नाही, का गाडीत अडकलाय?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, डबा घेऊन ती पिंपरीतल्या औषधांच्या होलसेलरकडे, मोरेभाऊंकडे, जाऊन बसली. मोरेभाऊ आधी वैतागले, मग चहा मागवला, मग तिच्यासमोरच एकेक फोन लावत गेले. फॅक्टरीत कच्चा माल उशिरा पोचला होता, म्हणून गोळ्या कमी बनल्या होत्या. आपल्या वाट्याचा खोका निघाला होता खरा, पण दुसऱ्या शहराच्या मालात मिसळून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये पडून होता. संध्याकाळी तो आला. मी म्हटलं, ताई, मिळतायत तर सहा महिन्यांच्या घेऊन ठेवू. तिनं एका महिन्याच्याच घेतल्या.

"बाकीच्यांच्या पण लेकरांना लागतात ना गं," एवढंच म्हणाली.

त्या रात्री मी किती दिवसांनी गाढ झोपले. पुढे गोळी कधी अडली नाही. मित्रा पास झाली, कॉलेजला जाऊ लागली. पुरवठा सुरळीत झाला असंच आम्ही धरून चाललो.

ताई गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोरेभाऊ आले. मला म्हणाले, "मित्राची गोळी आली का, असा ताईंचा दर महिन्याला फोन असायचा. दवाखान्यातूनसुद्धा केला होता." आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मित्रानं डोळे पुसत त्यांचा नंबर मागितला, म्हणाली, काका, आता मी करत जाईन.

"कर की," मोरेभाऊ म्हणाले. "पण या महिन्याचं झालंय बाळा. ताईंचा फोन आला नाही, तेव्हा मीच डेपोत जाऊन बसलो."