म्हशीच्या जिभेवरचा नमुना

चाळीत बायका मटार सोलायला बसल्या की टोपलीआधी किस्सेच भरतात. आजचे हे म्हशींचे.

तर आटपाट लालबाग होतं. तिथं एका खोलीत राहायचो मी, आमचे हे आणि मालवणच्या सासूबाई. गिरण्यांच्या संपात ह्यांचे लूम थांबले ते थांबलेच. मग परळला जनावरांच्या लशीच्या लॅबमध्ये टेम्परवारी काम मिळालं. लाळ-खुरकत झालेल्या म्हशींच्या तोंडातला नमुना आणायचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, काम नीट केलंत तर कायम करायचं बघतो.

*

पहिल्याच दिवशी हे नमुन्याचा थर्मास घेऊन जेवायला घरी आले. सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि दूध नासलं म्हणून सगळा मोरीत ओतला.

साहेबांनी मग कायम हा शब्दच बरेच दिवस काढला नाही.

*

प्रभादेवीच्या तबेल्यातले दुबेजी ह्यांना आतच घेईनात. गेल्या साली सुई टोचूनही म्हशी आजारी, म्हणजे तुमची लस निव्वळ पाणी, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी समजावलं, ह्या रोगाच्या विषाणूच्या जाती अनेक, वर तो रूपही बदलतो. दुबेजी जांभया देत राहिले.

शेवटी हे म्हणाले, "दुबेजी, वॉचमनला सांगितलं, धोतरवाल्याला मिलमध्ये सोडू नको. तोच माणूस पँट घालून आला तर?"

"सलाम ठोकेगा."

"झालं, तो वॉचमन म्हणजे तुमची जुनी लस. आता आम्हाला त्या पँटवाल्याचा फोटो पाहिजे. तो तुमच्या म्हशीच्या तोंडात आहे."

*

दुबेजींनी दार उघडलं, म्हशीनं तोंड उघडलं नाही! जिभेवरच्या फोडाची साल हवी होती. गूळ दाखवून झाला, दोर लावून झाला. साहेब वैतागून म्हणाले, उद्या जमलं नाही तर दुसरा माणूस बघतो.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

*

सकाळी सासूबाई न विचारता ह्यांच्याबरोबर निघाल्या. म्हशीपुढे नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या रोगान कितीय रूपां घेतल्यान तरी तेका हयसून पिटाळून लाव रे म्हाराजा!"

आमच्याकडे यावर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. सासूबाईंनी साहेबांकडे असं बघितलं की साहेब ओरडले, दुबेजीही ओरडले. म्हशीनं मान वर करून जो हंबरडा फोडला, त्यात ह्यांचा हात आत जाऊन साल घेऊन बाहेरसुद्धा आला.

नमुना जुन्या लशीशी जुळला नाही. लॅबनं लस बदलली आणि हे कायम झाले.

*

पुढे शीवकडे साथ आली तेव्हा लॅबची जीप चाळीखाली थांबली. हे शर्टाची बटणं लावत धावले.

ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही मागे बसा. पुढची सीट साहेबांनी आजींसाठी ठेवलीय."