चुलीवर टांगलेला कान

रघुदादाच्या हाती कुठलीही वस्तू देऊ नये, हे मी पाड्यात आलेल्या नव्या सुनांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते. वस्तू चालू असली तर ती बंद पडते आणि बंद असली तर तिचे तुकडे होतात. बॅटरी, रेडिओ, सोलरचा दिवा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्याच्या ओट्यावर येऊन पोटं उघडी टाकून पडलेलं मी पाहिलंय. उघडायची त्याला भारी हौस. मिटवायची वेळ आली की त्याला एकदम शेतावरचं काम आठवतं.

ही विद्या त्याला भिवंडीला मिळाली. भात-नागली आटोपली की तो तिकडे बिल्डिंगच्या कामावर जायचा, तिथे एका लाईटवाल्याची शिडी धरायचा. शिडी धरता धरता आपल्याला सगळं समजलं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणते, "दादा, शिडीच्या वर जो चढला होता त्याला समजलं असेल. तुला फक्त शिडी समजली." तो हसतो. त्याचं एक बरं आहे, त्याला कितीही चिडवा, तो चहा पाजतोच.

त्याची बायको कमू. त्यांची मुलगी निशा झोळीत होती तेव्हा कमूला मोठा ताप आला. ताप उतरला, पण कान हळूहळू जात राहिले आणि शेवटी जवळजवळ पूर्ण गेले. तेव्हापासून आम्ही सगळे तिच्याशी हातांनी बोलतो. तिचं बोलणं मात्र शाबूत, आणि स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सूर्यमाळच्या चढापर्यंत जाईल एवढं मोठं.

गेल्या थंडीत जव्हारला शिबिर होतं. तिथे तिला कानाचं मशीन मिळालं. काजूएवढं, कानामागे बसणारं, त्यातून एक बारीक नळी कानात. घरी आल्यावर ती थेट माझ्या ओट्यावर आली. मी कुणाच्या तरी सुनेची कथा सांगत होते. कमूने मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं.

"हौशे, इतकी वर्षं तू हेच बोलत होतीस?"

"हेच."

"मग कान नव्हते तेच बरं होतं."

पाडाभर हसू फुटलं आणि ते हसूही तिला ऐकू आलं. त्यानंतर ती सारखी काहीतरी ऐकत फिरायची. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला तिचा हंडा घासला तेव्हा ती दचकून मागे सरली. "पाणी संपल्याचा आवाज असा असतो होय?" म्हणाली.

मग निशाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. दिवाळीनंतर येणार होती. कमूच्या तोंडी दुसरा विषय नाही. निशी तान्ही असताना कशी रडायची ते ती आम्हाला करून दाखवायची. आधी एक बारीक उचकी, मग मध्येच थांबणं, मग लांबच लांब सूर. "तेवढंच आठवतं मला," म्हणायची. "त्यानंतर काय ऐकलंच नाय. आता नातू रडेल तो ऐकणार."

शिबिरवाल्या बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. मशीनला ओलावा लागू द्यायचा नाही. ही गोष्ट रघुदादाने देवाच्या शब्दासारखी मनावर घेतली. पण आमच्या इथल्या श्रावणात कोरडी जागा आणायची कुठून? ढग दारातून आत येतो आणि पाहुण्यासारखा बसून राहतो. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, चपलेवर बुरशी धरते. कोरडी जागा घरात एकच, चुलीच्या वर. मक्याची बियाण्याची कणसं तिथे, काकडीचं बी तिथे, सुकट तिथे, काडेपेटीही तिथेच. रघुदादाने कापडाची छोटी पिशवी शिवली, निजताना कमूच्या कानातून मशीन काढायचं, पिशवीत घालायचं आणि कणसांच्या शेजारी टांगायचं. पाड्यात ज्याने ज्याने ऐकलं त्याने मान डोलावली. बायकोची एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस दाखवा, असं बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवू लागल्या.

पोळ्याच्या सुमाराला आवाज बारीक झाला. मग घरघर झाली. मग काहीच नाही. मशीन सुकटीसारखं पिवळं-तपकिरी झालं होतं आणि एका बाजूने किंचित वाकलं होतं. सेल घालायचं दार तर असं बसलं होतं की नखाने, सुईने, कशानेच हलेना.

कमूने हाताने विचारलं, काय झालं? रघुदादाने छातीवर हात ठेवला. मी उघडतो.

आणि मग सुरू झाली हत्यारांची निवड. आधी माझी साडीची पिन गेली. मग केसांचा चिमटा गेला. मग मोखाड्याच्या बाजारातून टेस्टर आला, तो त्या फटीपुढे पहारीसारखा दिसायचा. पक्कड आणली, तिचे मशीनला दात लागले. कानस आणली, ती कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं. टोपल्या विणणारा बुध्या येऊन बघून गेला. "लोखंड घालू नको दादा, ओरखडे पडतात. बांबूची कामटी देतो, पातळ तासून," म्हणाला. रघुदादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने डॉक्टरला झाडपाला सुचवला.

शेवटी आम्ही जव्हारला गेलो. मला मोबाईलची काच बदलायची होती म्हणून मीही जीपमध्ये बसले, आणि खरं सांगायचं तर मजा बघायची होती. मोबाईल दुरुस्तीवाल्या कमलेशचं दुकान म्हणजे रघुदादाला मंदिरच. डोळ्याला भिंग, समोर रबराच्या चटईवर ओळीने मांडलेली हत्यारं. प्लॅस्टिकची पाती, वाकड्या टोकाचा चिमटा, चुंबकाचे स्क्रूड्रायव्हर, गरम हवेचं मशीन.

"ह्यातलं कोणतं घेऊ?" रघुदादाने विचारलं.

"कशासाठी?"

रघुदादाने पिशवी उघडली. कमलेशने मशीन भिंगाखाली धरून फिरवून पाहिलं.

"काका, आधी वस्तू बघायची, मग हत्यार निवडायचं. तुम्ही उलटे चाललात. ह्याला स्क्रू कुठाय?"

"आत असेल."

"आतला स्क्रू बाहेरून फिरवणार?"

मी हसले. कमलेशने मशीन नाकाशी नेलं.

"ह्याला सुकटीचा वास कसा?"

रघुदादाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरच्या जीपकडे पाहिलं.

"आमच्याकडे सगळ्यालाच येतो," तो म्हणाला.

"तसं नव्हे काका. हे तापलंय. एकदा नाही, पुष्कळदा. काजळी आत गेलीय, दोन्ही कवचं वितळून एक झालीत. कुठे ठेवत होता?"

 रघुदादा पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला. 

"मी नाही हात लावणार," कमलेश हळूच म्हणाला. "तुटलं तर ह्या मावशी मला नावं ठेवतील. ज्यांनी दिलं त्यांनाच विचारा."

ज्यांनी दिलं ते शिबिर आलं आणि गेलं. ते कुठून आले होते, पुन्हा कधी येणार, चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी माना हलल्या. परतीच्या जीपमध्ये रघुदादा एवढंच म्हणाला, "कमूला नको सांगू हां." सगळ्या पाड्याला बातमी पुरवणारी मी, मीही हो म्हणून मान हलवली.

घरी कमू दारातच उभी. झालं का, अशी हाताची खूण. त्याने हाताने सांगितलं, सामान येतंय. काहीतरी सांगायला हवं होतं. मग ते खरं करावं लागलं. जीपवाल्या मंगेशच्या मोबाईलवरून त्याने हत्यारांची पेटी मागवली. चित्रात होती त्यातली सगळ्यात मोठी.

निशा आली, पोट घेऊन हळूहळू चढ चढत. तिच्या मागोमाग दोन दिवसांनी मंगेशने मोखाड्याहून पेटी आणून दिली. ओट्यावर ती उघडली तेव्हा अर्धा पाडा जमला होता. काय देखणी पेटी! चांदणीच्या टोकाचे, तिकोनी, फुलीचे, न पाहिलेल्या आकारांचे स्क्रूड्रायव्हर, खोबणीखोबणीत बसवलेले. जगातल्या प्रत्येक स्क्रूसाठी एकेक होता. रघुदादाने एकेक काढून मशीनला लावून पाहिला. मशीनला कुठेच स्क्रू नव्हता.

"दादा, आता एक स्क्रू मागव," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. मलाही नंतर बरं वाटलं नाही.

पेटी त्याने बाजूला सारली आणि बुध्याने कधीची देऊन ठेवलेली कामटी आढ्यातून काढली. कमू समोर मांडी घालून बसली होती, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशी. कामटी फटीत शिरली. तो हळूहळू सरकवत राहिला, वाकडी झाली की तासून पुन्हा घालत राहिला. चिरका आवाज झाला आणि कवच उघडलं.

आत नागलीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, काळ्या चिकट थरात बुडालेलं. त्याला एक तार होती, केसापेक्षा बारीक. ती कवचाबरोबरच वर आली आणि तुटली. कुठून तुटली ते दिसेनासुद्धा. त्या पेटीत तिला धरण्याजोगं काही नव्हतं. तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ती हलत होती.

"झालं?" कमूने तिच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं.

रघुदादाने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले.  कमूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग तळहाताकडे. तुकडे तिने उचलले, फुंकर घालून काजळी उडवली, पिशवीत घातले. "ऱ्हाऊ दे. पुढच्या शिबिराला नेऊ," म्हणाली. उठली, आत गेली आणि पिशवी चुलीच्या वर, कणसांच्या शेजारी, होती तिथेच टांगली. बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "तिथे कोरडं ऱ्हाईल."

रघुदादा उठलाही नाही. तिला सांगायचं तर हातांनी सांगावं लागलं असतं. चूल, धूर, पिशवी, मी. त्याचे हात गुडघ्यांवर पडून होते, ते उचललेच गेले नाहीत. मी माझे उचलले असते तर, असं वाटून गेलं. नाही उचलले.

निशाला मुलगा झाला. कमूने झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली आहे. भाकरी थापते, तांदूळ पाखडते, दोरी अंगठ्याला. पोराने पाय झाडले की दोरी ओढली जाते आणि ती उठते. एकदाही चुकत नाही. रघुदादा सुरुवातीला धावत जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचा, पोरगा उठलाय म्हणून. त्याच्या आधी ती झोळीपाशी पोचलेली असायची. आता तो ओट्यावर बसतो. पेटी शेजारी असते, उघडत नाही. मी काही बिघडलेलं घेऊन गेले तर म्हणतो, "कमलेशकडे ने."

परवा दुपारी मी तिथेच होते. पोरगा रडायला लागला, चांगलाच टिपेचा. कमूने त्याला उचलून खांद्यावर घेतलं, त्याच्या पाठीवर तळहात दाबून धरला, डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली. मग रघुदादाकडे वळली.

"कसा रडतो? निशीसारखा?"

तो गोंधळला. मग त्याने हात वर केला. दोन बोटांनी हवेत एक बारीक झटका दिला, ती उचकी. हात मध्येच थांबवला. मग हात सावकाश बाजूला नेऊ लागला, लांब सुरासाठी. पोरगा रडतच होता. हात पूर्ण ताणला गेला, खांदा ताणला गेला, पुढे न्यायला हात उरला नाही, आणि पोरगा अजून त्याच सुरात होता.

"एवढा?" कमूने विचारलं.

तो तसाच हात ताणून बसून राहिला.