धोंड्याच्या महिन्यातला जावई

माझ्या थोरल्या जावेला गाव चतुराबाई म्हणायचं, मी अक्का म्हणायचे, आणि मनात काय म्हणायचे ते विचारू नका. नावाला जागणारी बाई. गोड बोलून शेजाऱ्याच्या मोटेचं पाणी आपल्या वाफ्यात वळवेल अशी. मी सिंधु, धाकटी. माझ्या नाकावर कायम राग असतो असं लोक म्हणतात, पण तो तिथं कुणी आणून बसवला ते कुणी विचारत नाही.

गाव आमचं उदगीरकडून देवणीला जाताना लागतं. निजामाचं राज्य होतं, पण रझाकार अजून गावोगाव फिरायला लागले नव्हते. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, चार बैल आणि मथुरा नावाची एक गाय. थोरल्या दिराचं नाव घेत नसतात, पण आता माझी ऐंशी उलटली, मला कोण अडवायला येतंय? सटवाजी. देवमाणूस, पण बैलांपुढं त्याला बायको दिसायची नाही. त्यात वानऱ्या म्हणजे तर त्याचं काळीज. पांढरंशुभ्र अंग आणि काळं तोंड. वासरू असताना पुराच्या ओढ्यातून खांद्यावर घेऊन आणलेला. पोळा आला की अक्का रंगीत सुताचे गोंडे वळायला बसायची, आणि सगळ्या गावाच्या बैलांच्या कपाळावर तिच्याच हातचे गोंडे असायचे.

सटवाजी गेला तो पोळ्याच्याच सकाळी. बैल धुऊन आणले, भिंतीला टेकून बसला, पाणी मागितलं. अक्का तांब्या घेऊन येईस्तोवर सगळं संपलं होतं. मी लई मरणं बघितली, पण त्या बाईसारखं रडणं बघितलं नाही. वर्षभर तिनं सुताला हात लावला नाही. लेकरू-बाळ नव्हतं तिला. जे होतं ते एवढंच होतं.

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद, ही आमच्याकडची रीत. बैलांची शिंगं रंगवायची नाहीत, त्यांना मारुतीला न्यायचं नाही, पुरण शिजवायचं नाही. बंद झालेला सण परत उघडायचा तर त्याच दिवशी त्याच घरात लेकरू जन्मावं लागतं, नाहीतर गाय व्यावी लागते. म्हणजे बघा, माणूस तिचा गेला आणि पुरणपोळी माझीही गेली. हे मी तेव्हा तोंडावर बोलून दाखवलं होतं. चांगलं केलं नाही, पण दाखवलं होतं.

अशी चार वर्षं गेली. पोळ्याला मारुतीपुढं हलगी वाजली की वानऱ्या गोठ्यात दाव्याला हिसके द्यायचा, हंबरायचा. त्याला काय माहीत, घरात काय झालंय? चौथ्या साली त्याचे दात झिजले, उठताना गुडघे लटपटायला लागले. जाणत्यांनी सांगितलं की फार तर आणखी एक पावसाळा काढील. त्या दिवशी अक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"सिंधे, ह्याला एकदा तरी आपल्या दारात ओवाळून घ्यायचं. त्यांचा जीव होता ह्याच्यात. असाच दारातनं उपाशी गेला तर मी वर जाऊन त्यांना काय तोंड दाखवू?"

एवढं बोलली आणि पदर खोचून उठली. चार वर्षांनी मला त्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी लबाडी दिसली. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही, कारण ही लबाड झाली की पहिली झळ मला लागते.

तसंच झालं. तिनं पहिला डाव माझ्यावरच टाकला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, कार्तिकात तुम्ही दोघांनी जरा मनावर घ्या, म्हणजे श्रावणाच्या अमावास्येला पाळणा हलेल. मी असली भडकले! माझी तोवर तीन लेकरं झाली होती, एक शिमग्याला, एक नागपंचमीला आणि तिसरं ऐन सुगीत, ज्वारी काढताना. माझ्या पोटाला तिथी-वार कळत असते तर मी सुगीत बाळंत झाले असते का? आठ दिवस मी अबोला धरला. नवव्या दिवशी तिनं गाईकडं मोर्चा वळवला.

मथुरा आश्विनात माजावर आली. अक्कानं तिला सोडलीच नाही. गाय दावं तोडायला बघतेय, आणि ही ओट्यावर बसून सुतळीला गाठी मारतेय. श्रावणाच्या अमावास्येपासून उलटं मोजत गेली, महिन्याला एक गाठ, नऊ महिने आणि वर पंधरवडा, आणि कार्तिकी पुनवेला येऊन थांबली. गाईचा पुढचा माज पुनवेच्या आदल्या दिवशी आला. देवसुद्धा तिला फितूर होता.

देवणीत चन्नबसप्पाकडं नामी वळू होता, तिकडं मथुरेला घेऊन आम्ही दोघी गेलो. त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि हसून म्हणाला, आम्हा लिंगायतांत सुतकच मानत न्हाईत, तुम्ही आमच्यात या, पोळा उद्यापासून चालू. अक्का म्हणाली, आधी वळू सोडा, धर्माचं मागनं बघू. परत येताना ती वाटभर गाणी म्हणत होती. विधवा बाई गाते म्हणून समोरून येणारे गाडीवान वळून वळून बघत होते, आणि मी त्यांच्याकडं डोळे वटारत होते.

पाडव्याला जोशीबुवा पारावर नवं पंचांग वाचायला बसले. पाऊस सांगितला, पीकपाणी सांगितलं, आणि म्हणाले की यंदा श्रावण दोन आहेत, पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. बायकांत एकच खुसखुस झाली. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरण भरून उकडलेले कणकेचे धोंडे खाऊ घालतात, जावयाला नवी कापडं करतात. सगळ्या खूश झाल्या, आणि माझ्या शेजारी बसलेली अक्का पांढरी पडली.

सण सगळे दुसऱ्या श्रावणात. पोळाही दुसऱ्या श्रावणाच्या अमावास्येला. आणि गाठी मारल्या होत्या आश्विनात, जेव्हा पुढच्या सालचं पंचांग गावात आलेलंच नव्हतं. गाय व्यायची ती महिनाभर आधी. एवढी चतुर बाई, पण एक गाठ कमी पडली.

दोन दिवस ती गोठ्याकडं फिरकली नाही. तिची खोड मोडली म्हणून मी खूश व्हायला पाहिजे होते. झाले नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यातनं हसण्याचा आवाज आला म्हणून गेले, तर ही मथुरेच्या कानाला लागून तिला विचारत होती, बाई, एक महिना कळ काढशील का? आणि एकटीच पोट धरून हसत होती. डोळ्यांतनं पाणी येत होतं ते हसण्याचं की दुसरं कशाचं, ते मी विचारलं नाही. मीही हसले. चार वर्षांत आम्ही दोघी एकदम हसलो ते तेव्हा.

आणि मथुरा व्याली. कधी? पहिल्या श्रावणाच्या अमावास्येला, सूर्य कासराभर वर आला असताना. ठरवल्या तिथीला, महिना तेवढा चुकीचा. गोऱ्हा झाला, काळ्या तोंडाचा. सगळं गाव गोठ्याशी गोळा झालं, कारण आमच्या गाठींची गोष्ट तोवर देवणीच्या बाजारापर्यंत पोचली होती. जोशीबुवांना बोलावणं गेलं.

बुवा भला माणूस, कुणाचं मन मोडायचं म्हटलं की त्यांना खोकला यायचा. लई वेळ खोकले. मग म्हणाले की महिना श्रावण, तिथी अमावास्या, सगळं बरोबर आहे, पण हा अधिक महिना, ह्यात सण धरत नाहीत. तेव्हा पोळा काही उघडला नाही. अक्का म्हणाली, गाईला पंचांग वाचता येत नाही, तिनं तिचं काम केलं. बुवा म्हणाले, गाईचा दोष नाहीच. आणि परत खोकले.

आता ही कोसळणार म्हणून मी पुढं झाले. अक्का वानऱ्याकडं बघत होती. तो उठायचा दोनदा प्रयत्न करून तिसऱ्यांदा उभा राहिला होता आणि नव्या वासराचा वास घेत होता. मग तिनं अगदी लीनपणे विचारलं, "बुवा, धोंड्याच्या महिन्यात काय काय केलेलं चालतं?"

बुवांना सुटल्यासारखं झालं. भडाभडा सांगायला लागले, दानधर्म चालतो, जावयाला जेवू घालावं, नवं वस्त्र द्यावं, मान करावा, लई पुण्य लागतं. अक्का म्हणाली, "वाजत गाजत आणला तर चालतंय का?" बुवा म्हणाले, का न चालावं, जावईच तो.

"मग झालं," अक्का म्हणाली, "माझा जावई ह्यो उभा हाय."

मला लेक नाही, ती म्हणाली, मग जावई कुठनं आणू? अठरा वर्षं माझ्या घरी खाल्लं, ते जावयासारखं. राबला मात्र लेकासारखा. असा जावई तुमच्यापैकी कुणाला मिळाला असेल तर पुढं या. कुणी आलं नाही. गावातले सगळे जावई तिथंच उभे होते, खाली बघत होते. बुवा बोलायला गेले, त्यांना खोकलाही आला नाही.

त्या दुपारी आमच्या घरात चार वर्षांनी बैलासाठी पुरण शिजलं. पोळ्याचं नव्हे, धोंड्याचं, त्यामुळं कुणाच्या बापाची हरकत नव्हती. वानऱ्याला ऊन पाण्यानं धुतला, शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर नवी झूल घातली. गोंडे तिनं कधी वळून ठेवले होते कोण जाणे. टोपलीभर निघाले. विधवेनं ओवाळायचं नसतं, म्हणून ताट माझ्या हातात दिलं. मी रागीट बाई, मला असलं काही शोभत नाही. पण त्या थकलेल्या बैलानं माझ्यापुढं मान खाली घातली आणि मी त्याला दोनदा ओवाळलं.

मग निघाली वरात. पुढं हलगी, मधे वानऱ्या, शेजारी आम्ही दोघी, मागं हळूहळू सगळं गाव. चावडीपाशी पोलीस पाटील बापूसाहेब आडवे आले. त्या दिवसांत जुलूस काढायचा तर सरकारची इजाजत लागायची. एक बैल आणि दोन बायका म्हणजे जुलूस होतो का, हे त्यांना ठरवता येईना. कागद काढून त्यांनी विचारलं, हे काय आहे? अक्का म्हणाली, जावई. बापूसाहेब म्हणाले, ते असू दे, बैल कुणाच्या मालकीचा, नाव सांगा, लिहून घ्यावं लागेल.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. कचेरीत विचारलं तरी शेजारणीनं सांगायचं. मलाही दिराचं नाव घेता येत नव्हतं, तरी मी तोंड उघडलं. अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला.

"सटवाजी," ती म्हणाली. "लिवा. वानऱ्या सटवाजीचा हाय."

हलगी थांबली. बाईच्या तोंडून ते नाव गावानं कधी ऐकलं नव्हतं, मीही नाही. लग्नापासनं आत दाबून ठेवलेलं नाव ते. बापूसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि बाजूला झाले. पुढं प्रत्येक दारात ती थांबली आणि आपणहून सांगत गेली, सटवाजीचा वानऱ्या आलाय, जेवू घाला. प्रत्येक दारी आवाज वाढत गेला. शेवटच्या दारापर्यंत ती हसत होती, रडत होती, आणि ते नाव घेत होती, आणि वानऱ्यानं इतके धोंडे खाल्ले की दोन दिवस त्यानं कडब्याला तोंड लावलं नाही.

महिन्यानं खरा पोळा आला. आमचं दार रीतीप्रमाणं बंद. मी म्हटलं, अक्का, पुढच्या साली गाठी नीट मारू, मी स्वतः मोजते. तिनं मान हलवली. म्हणाली, नको, हा दिवस त्यांचा, त्यांच्याकडंच राहू दे. मला पाहिजे होतं ते मी घेतलं. मग तिनं दोन ताटं वाढली, साधी भाकरी आणि पिठलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

तेवढ्यात बैल आमच्या गल्लीत आले. गाव चांगलं होतं आमचं. दरवर्षी आमच्या दारावरून जाताना लोक बैलांच्या घुंगरमाळा मुठीत आवळून धरायचे, आतल्या बाईला आवाज नको म्हणून. गल्लीभर फक्त खुरांचा आवाज व्हायचा. अक्कानं घास खाली ठेवला, जाऊन दार सताड उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"मुठी सोडा की रे," ती म्हणाली. "माझा माणूस मेलाय, झोपला न्हाई."