अप्पा लेकीवर हात उचलत नाहीत

हुबळी-धारवाडच्या मराठी माणसांनो, आपल्या अप्पांचा खून झाला आणि आपण जेवता जेवता बघत बसलो.

हो, साडेसातच्या मालिकेतले अप्पा. पडद्यावर ते अजून चालतात, बोलतात. पण ते आपले अप्पा नव्हेत.

आठवा. टीव्हीवर आपलं मराठी यायचं ते फक्त लोकांना हसवायला. एखादा आचारी, नाहीतर खुळा मामा. पहिल्यांदाच एका घरानं आपल्यासारखं बोलून आपल्याला सरळ माणूस म्हणून दाखवलं.

ते घर शीनूनं लिहिलं. धारवाडात, सप्तापूरच्या भाड्याच्या खोलीत बसून. माझा मित्र.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

अप्पा त्यानं माझ्यावरून घेतले होते. गावभर भाषणं ठोकणारा वकील, आणि घरात मुका.

माझी लेक वीणा जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा शीनू स्टेशनवर माझ्याबरोबर होता. हातात कागद न घेता तासन् तास बोलणारा मी. गाडी हलली आणि तोंडातून निघालं एवढंच,

"पाणी घेतलंस काय?"

परतताना शीनू म्हणाला, "वकीला, कोर्टातलं तोंड कोर्टातच ठेवून आलास की रे!"

पुढं मालिकेत अप्पांची लेक परगावी गेली. अप्पांनीही पाण्याचंच विचारलं. मग ते घरी आले, सवयीनं तिची बाटली भरली, आणि ती हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी, तो भाग बघून, वीणाचा फोन.

"अप्पा, तुम्हीपण बाटली भरला होता काय हो?"

"हं."

 बाटलीचं मी शीनूला कधीच सांगितलं नव्हतं. त्यानं कसं ओळखलं, देव जाणे.

तेव्हापासून दर रविवारी ती विचारायची, "अप्पा असं का वागले हो?" आणि मी मालिकेतल्या अप्पांचं सांगता सांगता माझं सांगायचो. आयुष्यभर जमलं नव्हतं ते.

मग चॅनेलला टीआरपी कमी पडला. म्हणाले, अप्पांनी लेकीच्या थोबाडीत मारायला हवी. प्रोमोला बरं दिसेल.

शीनू म्हणाला, "अप्पा हात उचलत नाहीत."

"सर, पात्रं बदलतात."

"बदलतात. पण आधी त्यांना विचारावं लागतं."

त्याला काढलं. एका फोनवर. "टीम आता मोठी झालीय, सर."

मी करार वाचला. कायद्यानं मालिका त्यांचीच, त्यात वाद नाही. पण वकील म्हणूनच सांगतो, माणसाचं सगळं करारात मावत नाही. पात्र काय बोलेल हे दहा जण बसून ठरवू शकतात. ते काय बोलणार नाही, हे ज्यानं जन्म दिला त्यालाच ठाऊक असतं. त्याला घराबाहेर काढलंत की मागं उरतात ते नुसते कपडे. आत कुणालाही उभं करा!

काही महिन्यांत शीनू गेला. झोपेतच.

आणि शेवटी गेल्या महिन्यात अप्पांनी लेकीला मारलं. मागं ढोल, तीनदा तोच हात दाखवला.

दुसऱ्या दिवशी हुबळीच्या बाजारात ओळखीचा कापडवाला हसत म्हणाला, "काय वकीलसाहेब, लेकीच्या कानाखाली काढलात की!" अप्पा माझ्यावरून घेतलेत हे सगळ्या बाजाराला माहीत, बाकीचं त्याला काय ठाऊक. तो गंमत करत होता. मी कापड न घेताच पिशवी उचलून निघालो आणि पुन्हा मागं फिरून ते घेतलं.

त्या रविवारी वीणा मालिकेचं एक अक्षर बोलली नाही. तिकडं थंडी आहे म्हणाली. मी म्हणालो, इकडं ऊन आहे.

फोन संपला.

संध्याकाळी केलगेरीच्या तळ्यावर आता एकटाच जातो. तिथंही माझी बडबड चालूच असते. "सुम्न कूडपा वकीला, गप्प बस जरा," म्हणणारा मात्र नाही.

आज साडेसातला मी वीणाला फोन लावणार आहे. बाटलीचं सगळं सांगणार आहे, माझ्या तोंडानं. जमेल की नाही ठाऊक नाही. लिहून द्यायला तू नाहीस, शीनू.

नीट जा रे. पाणी घेतलंस काय?

आणि तुम्ही सगळे, जे आमच्या अप्पांना आपलं म्हणत होता, माझं एवढंच ऐका.

आज साडेसातला टीव्ही बंद ठेवा.